चिचेस्टर साम्स : मेंढपाळाचे स्तोत्र आणि त्यावर चालून येणारे पुरुषांचे आवाज

तंतुनाद (धागाकर्ता)

नमस्कार. अमेरिकन ज्यू संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइन यांची ‘चिचेस्टर साम्स’ (‘साम्स’ म्हणजे बायबलातील स्तोत्रे) ही समूहगायनाची रचना मी गेली काही वर्षे पुन्हा पुन्हा ऐकत आलो आहे, आणि तिच्या मधल्या भागाविषयी माझे एक मत बनले आहे, जे येथील जाणकारांपुढे मांडून तपासून घ्यावे असे वाटते.

ज्यांनी ही रचना ऐकलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी देतो. इंग्लंडच्या दक्षिणेकडील चिचेस्टर कॅथीड्रलचे डीन (मुख्य धर्माधिकारी) वॉल्टर हसी यांनी 1965 च्या उन्हाळ्यात होणाऱ्या संगीत महोत्सवासाठी बर्नस्टाइन यांच्याकडे रचना मागितली. चिचेस्टर, विंचेस्टर आणि सॅलिसबरी या तीन कॅथीड्रलांच्या गायकवृंदांचा हा महोत्सव आळीपाळीने एकेका गावी भरतो. हसी हे साधे धर्माधिकारी नव्हते. त्याआधी नॉर्दॅम्प्टन येथील सेंट मॅथ्यू चर्चमध्ये असताना त्यांनी बेंजामिन ब्रिटन यांच्याकडून 1943 साली ‘रिजॉइस इन द लँब’ लिहून घेतले होते आणि हेन्री मूर यांच्याकडून माता-बालकाचे शिल्प घडवून घेतले होते. पुढे चिचेस्टरला चित्रकार मार्क शगाल यांची तांबड्या रंगीत काचेची खिडकी बसली (1978), तीही त्यांच्याच प्रयत्नांमुळे, आणि तिचा विषय 150 वे स्तोत्र हाच आहे. अशा माणसाने बर्नस्टाइन यांना कळवले की संगीतात ‘वेस्ट साइड स्टोरी’ची (न्यूयॉर्कमधील टोळीयुद्धावरची बर्नस्टाइन यांचीच संगीतिका) थोडी झाक आली तर आमच्यापैकी अनेकांना आनंदच होईल.

बर्नस्टाइन यांनी शब्द मूळ हिब्रूत घेतले, आणि तेही एका अँग्लिकन (इंग्लंडच्या ख्रिस्ती चर्चच्या) कॅथीड्रलसाठी, दुसरे महायुद्ध संपून जेमतेम वीस वर्षे झालेली असताना. पहिल्या भागात 108 व्या स्तोत्राची एक ओळ आणि संपूर्ण 100 वे स्तोत्र आहे. दुसऱ्या भागात संपूर्ण 23 वे स्तोत्र आणि त्याच्या मधोमध 2 ऱ्या स्तोत्रातील पहिल्या चार ओळी. तिसऱ्या भागात संपूर्ण 131 वे आणि शेवटी 133 व्या स्तोत्राची पहिली ओळ. सगळे मिळून वीस मिनिटांच्या आत आटोपते.

आता माझा मुद्दा. दुसरा भाग एका मुलाच्या एकट्या आवाजाने, हार्पच्या साथीवर सुरू होतो: ‘आदोनाय रोई, लो एख्सार’, म्हणजे परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही. ही चाल इतकी निर्व्याज आहे की ती दाविदाने (ही स्तोत्रे ज्याच्या नावावर सांगतात त्या मेंढपाळ राजाने) कुरणात बसून स्वतःशीच गुणगुणलेली वाटावी. मग उंच आवाज तीच चाल पुढे नेतात, आणि अचानक पुरुषांचे आवाज तुटक, चिडलेल्या लयीत घुसतात: ‘लामा राग्शू गोयीम’, राष्ट्रे का खवळली आहेत? येथपर्यंत आपल्याला वाटते की शांतता संपली. परंतु थोड्याच वेळाने उंच आवाज त्याच गोंधळावरून पुन्हा मेंढपाळाची चाल गाऊ लागतात, आणि बर्नस्टाइन यांनी स्वरलिपीत त्यांच्यासाठी अशी सूचना लिहिली आहे की हे गाताना धोक्याची त्यांना काहीच जाणीव नाही, ते आपल्याच आनंदात आहेत.

अनेक ठिकाणी या जागेचे वर्णन ‘श्रद्धेचा हिंसेवर विजय’ असे केले जाते. मला ते पटत नाही. ज्याला धोका दिसलेलाच नाही त्याने धोक्यावर विजय मिळवला असे कसे म्हणावे? दोन्ही चाली एकाच वेळी एकाच छताखाली चालू राहतात, आणि भाग संपता संपता, मुलाचा शेवटचा लांब स्वर अजून हवेत असताना, वाद्यांमधून तो खवळलेला ठेका खालून पुन्हा ऐकू येतो. बर्नस्टाइन यांनी येथे काहीही मिटवलेले नाही, असे माझे म्हणणे आहे.

---

मात्रावेध

लेख आवडला. मी पाश्चात्त्य संगीताचा अभ्यासक नाही, तबला शिकलो आहे, म्हणून माझे लक्ष आधी मोजणीकडे गेले. पहिल्या भागातील 100 वे स्तोत्र (‘पृथ्वीवरील सर्व लोकहो, परमेश्वराचा जयजयकार करा’ अशा अर्थाचे) सात मात्रांच्या आवर्तनात आहे आणि तिसऱ्या भागातील 131 वे स्तोत्र दहा मात्रांच्या. आपल्या कानाला रूपक आणि झपताल ओळखीचे असल्यामुळे, ज्या ठिकाणी पाश्चात्त्य श्रोता अडखळतो त्या ठिकाणी आपण सहज चालू शकतो, असे मला वाटले. विशेषतः तिसऱ्या भागातील दहा मात्रा पाच-पाच अशा दोन अर्धांत झुलतात, तेव्हा विलंबित झपतालात एखादी संथ बंदिश मांडावी तसे वाटते.

---

खर्ज

मात्रावेध, आपले निरीक्षण मोलाचे आहे, पण एक सावधगिरी नोंदवतो. मी इंग्लंडमध्ये एका हौशी गायनवृंदात बास (पुरुषांचा सर्वांत खालचा आवाज) गातो आणि ही रचना दोनदा गायलो आहे. रूपकात तीन-दोन-दोन अशी विभागणी असते आणि गंमत अशी की काल (बिनटाळीची जागा) पहिल्याच मात्रेवर येतो. बर्नस्टाइन यांच्या सात मात्रा बहुतेक ठिकाणी चार आणि तीन अशा पडतात. लांब पाऊल आधी आणि छोटे पाऊल नंतर. त्यामुळे आवर्तन शेवटी तोकडे पडल्यासारखे होऊन पुढच्या आवर्तनात उडी घ्यावी लागते, आणि त्या स्तोत्राचा सगळा जल्लोष त्या उडीत आहे. मी स्वतः पहिल्या तालमीत मनात रूपक धरून गायलो आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी इतरांच्या मागे राहिलो. ज्या दिवशी रूपक सोडून दिले आणि हिब्रू शब्दांच्या आघातांवर विसंबलो, त्या दिवशी जमले.

दुसऱ्या भागाविषयी धागाकर्त्यांशी मी बव्हंशी सहमत आहे. ‘लामा राग्शू’ गाताना आम्हा पुरुषांना उंच आवाजांची चाल नीट ऐकूच येत नाही, कारण आमचे आम्हीच आरडाओरड्यात बुडालेले असतो. त्यांना आमचा धोका कळत नाही आणि आम्हाला त्यांची शांतता कळत नाही. हे एकमेकांना न ऐकणे फक्त श्रोत्याला ऐकू येते.

---

वाचनमग्न

एक शंका आहे आणि ती मी गांभीर्याने विचारतो आहे. मी वाचले आहे की ‘लामा राग्शू’ची चाल मुळात ‘वेस्ट साइड स्टोरी’साठी लिहिलेल्या आणि नंतर वगळलेल्या एका गाण्याची होती, आणि बाकीचे बरेचसे संगीतही एका अर्धवट राहिलेल्या नाटकातून आले. न्यूयॉर्कच्या गल्लीतल्या टोळक्यांच्या मारामारीसाठी लिहिलेली चाल उचलून ती पवित्र वचनाला लावणे यात काही खटकत नाही का? धर्मसंगीत हे त्या वचनातूनच उगवावे, दुसऱ्या कामातले उरलेले कापड वापरून शिवू नये, असे मला मनापासून वाटते.

---

तंतुनाद (धागाकर्ता)

वाचनमग्न, शंका रास्त आहे आणि माहितीही बरोबर आहे. बर्नस्टाइन 1958 पासून न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संगीत दिग्दर्शक होते. 1964-65 च्या हंगामात त्यांनी केवळ रचनेसाठी रजा घेतली. त्या काळात थॉर्न्टन वाइल्डर यांच्या ‘द स्किन ऑफ अवर टीथ’ या नाटकावर संगीतिका करण्याचा बेत होता, तो मोडला. त्यांनी बारा स्वरांच्या पद्धतीतही बरेच लिहून पाहिले आणि ते बाजूला ठेवले. ‘साम्स’मधील मेंढपाळाची चाल त्या मोडलेल्या संगीतिकेसाठीच झालेली होती. रजेच्या शेवटी त्यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक पद्यमय निवेदन छापले, त्याचा आशय असा की वर्षभराच्या सगळ्या प्रयोगांतून हेच एक जुन्या वळणाचे, गोड, स्वतःच्या पायांवर उभे राहणारे मूल शिल्लक राहिले.

आता खटकण्याविषयी. नाट्यपदाच्या चालीवर बसवलेले अभंग आणि भजने ऐकतच आपल्यापैकी बहुतेक जण वाढले आहेत आणि त्यामुळे त्या अभंगाचे पावित्र्य कमी झाले असे आपल्याला कधी वाटले नाही. येथे तर त्याहून मोठी गोष्ट आहे. टोळीयुद्धाची चाल दुसऱ्या स्तोत्राला लावल्यामुळे त्या स्तोत्राचा अर्थ उघडतो. ‘राष्ट्रे खवळली आहेत, राजे एकत्र येऊन कट करीत आहेत’ हे वाक्य हँडेल यांच्या ‘मसीहा’मध्येही आहे आणि तेथे ते भव्य, राजदरबारी वाटते. बर्नस्टाइन यांच्याकडे तेच वाक्य नाक्यावर उभ्या असलेल्या, हातात काहीतरी घेतलेल्या पोरांच्या तोंडी येते. राष्ट्रांचा क्रोध आणि गल्लीचा क्रोध यांची जात एकच आहे, हे त्या उसन्या चालीने सांगितले.

शिवाय हसी यांनी सुरुवातीला दुसऱ्या स्तोत्राचेच नाव सुचवले होते. म्हणजे मागणी खवळलेल्या राष्ट्रांच्या स्तोत्राची होती आणि बर्नस्टाइन यांनी त्यातल्या चारच ओळी घेऊन त्या मेंढपाळाच्या स्तोत्राच्या पोटात ठेवल्या. हा निर्णय संपूर्णपणे त्यांचा होता, आणि चाल कोठून आली यापेक्षा ती कोठे ठेवली यावर मी अधिक भर देईन.

---

इस्रायलआळी

माझे आजोळ अलिबागचे, बेने इस्रायल (कोकणातला मराठी बोलणारा ज्यू समाज). हा धागा वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही. आमच्या घरी बोलणे, भांडणे, लाड करणे सगळे मराठीत आणि प्रार्थना हिब्रूत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आमच्या समाजात बायबलातील कथांवर मराठी कीर्तने रचली गेली, ती हरिदासी कीर्तनाच्या वळणावर. त्यामुळे दावीद राजा आमच्या वाडवडिलांनी मराठी साक्या-दिंड्यांतूनही ऐकलेला आहे. दोन भाषांच्या अशा घरातून आल्यामुळे या रचनेविषयी मला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट सुरुवातीच्या ओळीची. ‘उरा हानेवेल वखिन्नोर’ यात नेवेल आणि किन्नोर ही दोन्ही तंतुवाद्ये आहेत आणि गाणारा त्यांना जागे व्हायला सांगतो, म्हणजे मग तो पहाटेलाच जागे करील. साधारणपणे पहाट माणसाला उठवते, येथे माणूस वाद्याला उठवतो आणि वाद्याच्या जोरावर पहाटेला उठवतो. बर्नस्टाइन यांनी वाद्यवृंदातून बासऱ्या, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न सगळे काढून टाकले आणि तंतुवाद्ये, तीन ट्रंपेट, तीन ट्रोंबोन, तालवाद्ये आणि दोन हार्प एवढेच ठेवले, ते या ओळीकडे पाहिले की समजते. ग्रीक भाषेतील ज्या शब्दावरून ‘साम’ हा इंग्रजी शब्द आला त्याचाही मूळ अर्थ तार छेडणे असाच आहे. (आपल्या सामवेदातील सामाशी त्याचे नाते नाही, केवळ ध्वनिसाम्य आहे. हे येथे स्पष्ट केलेले बरे.)

दुसरी गोष्ट शेवटच्या ओळीची. ‘हिने मा तोव उमा नाईम, शेवेत आखीम गाम याखाद’, भावांनी एकत्र राहणे किती चांगले आणि किती सुखाचे आहे. ही ओळ ज्यू घरांतून शब्बाथच्या (साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाच्या) जेवणाच्या वेळी मोठ्याने, टाळ्या वाजवत, फेर धरून गायली जाते. लहान मुलांना हिब्रूतले पहिले गाणे म्हणून बहुधा हेच येते. बर्नस्टाइन यांनी ती प्रचलित चाल घेतली नाही. त्यांनी ही ओळ वाद्यांशिवाय, जितक्या हळू गाता येईल तितक्या हळू ठेवली. ज्याने ती आयुष्यभर टाळ्यांसह ऐकली आहे त्याला हे ऐकताना धस्स होते. भाऊ एकत्र बसले आहेत हे सांगताना इतका हळू आवाज का, असा प्रश्न पडतो. मला तरी असे ऐकू येते की भाऊ अजून एकत्र बसलेले नाहीत.

---

मात्रावेध

इस्रायलआळी, आपला प्रतिसाद वाचून शेवटची दोन मिनिटे पुन्हा ऐकली. आपण म्हणता तसेच वाटले. खर्ज यांचा रूपकाबद्दलचा आक्षेपही मान्य करतो. ठेका आणि काल यांच्याशिवाय नुसत्या मात्रा सारख्या असणे म्हणजे ताल सारखा असणे नव्हे.

एक विचारतो. 131 व्या स्तोत्रात आईजवळ निजलेल्या मुलाची प्रतिमा आहे असे वाचले. ती संगीतात कोठे येते?

---

इस्रायलआळी

ते स्तोत्र तीनच ओळींचे आहे. माझे मन गर्विष्ठ नाही, माझी दृष्टी उन्मत्त नाही, मला न पेलणाऱ्या मोठ्या गोष्टींत मी पडत नाही. अंगावरून तुटलेले मूल आईजवळ असावे तसा माझा जीव माझ्याजवळ शांत आहे. ‘अंगावरून तुटलेले’ हा तपशील महत्त्वाचा आहे. पिणारे तान्हे मूल आईजवळ असते ते भुकेने. दूध तुटलेले मूल काही मागत नाही, तरीही जवळ असते. ज्या भाषेत संतांना माउली म्हणतात त्या भाषेच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. दहा मात्रांची ती झुलणारी चाल पुरुषांच्या आवाजात सुरू होते, आणि मघाशी ‘लामा राग्शू’ ओरडणारे आवाज हेच होते, हे लक्षात घ्या.

---

सुरावट

धागा उत्तम चालला आहे. तुलनेसाठी इगोर स्ट्राविन्स्की यांच्या ‘सिंफनी ऑफ साम्स’चा उल्लेख करतो. ती 1930 सालची, बोस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राच्या पन्नासाव्या वर्षासाठी लिहिलेली. तेथे शब्द लॅटिनमध्ये आहेत, व्हायोलिन, व्हायोला आणि क्लॅरिनेट वगळलेली आहेत, आणि 150 व्या स्तोत्रातील ‘स्तुती करा’ हे शब्द अतिशय संयत, जवळजवळ निश्चल अशा आवर्तनांत येतात. स्ट्राविन्स्की यांचे स्तोत्र मूर्तीसमोर उभ्या राहिलेल्या समुदायाचे आहे आणि बर्नस्टाइन यांचे एका माणसाचे, ज्याच्या मनात भांडण चालू आहे. मी दोन्ही मानतो. पण धागाकर्त्यांनी मांडलेला प्रश्न फक्त बर्नस्टाइन यांच्याच रचनेविषयी उपस्थित होऊ शकतो.

तसेच बर्नस्टाइन यांच्या ‘कद्दिश’ या 1963 च्या तिसऱ्या सिंफनीकडे पाहिले तर तेथे निवेदक देवाशी उघड वाद घालतो. ‘साम्स’ त्यानंतर दोनच वर्षांनी आले. त्यामुळे सगळे वाद संपून येथे केवळ गोडवा उरला, असे मानणाऱ्यांशी मीही सहमत होऊ शकत नाही.

---

तंतुनाद (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. सुरावट यांनी ‘कद्दिश’ची आठवण दिली ती फार नेमकी आहे. मला आता दोन गोष्टी जोडायच्या आहेत.

एक, मुलाच्या आवाजाविषयी. एकलगायन मुलाने किंवा काउंटरटेनरने (उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुषाने) करावे, स्त्रीने करू नये, असे बर्नस्टाइन यांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे. वृंदातील उंच भागही त्यांनी मुलांच्या आवाजांच्या कल्पनेने लिहिले आणि स्त्रियांचे आवाज चालतील, पण ते पसंतीचे नाहीत, असे म्हटले. 15 जुलै 1965 रोजी न्यूयॉर्कला पहिला प्रयोग त्यांनी स्वतः संचालित केला तेव्हा स्त्री-पुरुषांचा मिश्र वृंद होता. 31 जुलैला चिचेस्टर कॅथीड्रलमध्ये जॉन बर्च यांच्या संचालनाखाली तिन्ही कॅथीड्रलांच्या गायकांनी गायले तेव्हा सर्व आवाज मुलांचे आणि पुरुषांचे होते. यावर स्त्री गायिकांची नाराजी मी समजू शकतो. परंतु दुसऱ्या भागापुरता विचार केला तर मुलाच्या आवाजाला एक कारण आहे. मुलाचा आवाज वर्ष-दोन वर्षांत फुटणार आणि तो खालच्या पुरुषांमध्ये जाऊन उभा राहणार. आज जो मेंढपाळाचे गाणे गातो आहे तोच उद्या ‘लामा राग्शू’ गाणार आहे.

दोन, तिसऱ्या भागाची सुरुवात. 131 व्या स्तोत्राच्या आधी तंतुवाद्यांचे एक प्रास्ताविक आहे, ज्याच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही आणि अनेक श्रोते ते ‘शांततेपूर्वीची तयारी’ म्हणून ओलांडून जातात. त्यात रचनेच्या अगदी आरंभीचा पाच स्वरांचा आकार (वाद्यांना जागे करणारी ती हाक) पिळवटून, कर्कश स्वरसंगतींत पुन्हा येतो. दुसरा भाग जे न बोलता पुढे गेला त्याचे सगळे दुःख येथे आहे. माझ्या मते रचना पुढे सरकते ती या जागी. मुलाला धोका दिसला नव्हता. येथे कोणाला तरी तो दिसला आहे. त्यानंतर येणारी नम्रता ही म्हणून वेगळी ऐकू येते. आणि ज्या पाच स्वरांनी पहाटेला हाक मारली, ज्यांचा येथे आक्रोश झाला, त्याच आकारातून शेवटचे ‘हिने मा तोव’ घडलेले आहे.

---

वाचनमग्न

हे प्रास्ताविक मी खरोखर दर वेळी ओलांडूनच जात होतो. आज दोनदा ऐकले. चालींच्या उसनवारीविषयी माझे मत मी मागे घेतो असे नाही, पण आरंभीचे पाच स्वर शेवटी सापडले तेव्हा ही रचना जोडकामाची नाही एवढे मला मान्य करावे लागेल.

---

खर्ज

शेवटाविषयी गाणाऱ्याच्या बाजूने एक सांगतो. बर्नस्टाइन यांनी या रचनेला आधी ‘युवकांची स्तोत्रे’ अशा अर्थाचे नाव ठरवले होते आणि ती गायला फार कठीण आहे हे लक्षात आल्यावर ते बदलले. गाणारे मान्य करतील की सात मात्रांपेक्षाही कठीण जागा शेवटची आहे. वाद्ये थांबलेली असतात, वीस मिनिटे गाऊन घसा थकलेला असतो, आणि चार आवाजांनी श्वासाइतक्या हळू आवाजात सूर न उतरवता ‘गाम याखाद’पर्यंत जायचे असते. सूर किंचित जरी उतरला तरी लगेच उघडे पडते, कारण पुढे ‘आमेन’च्या वेळी वाद्ये परत येतात.

आमच्या संचालिकाबाई तालमीत आम्हाला येथे एकच सूचना देत असत. शेजारच्याचा आवाज तुमच्या स्वतःच्या आवाजापेक्षा मोठा ऐकू आला पाहिजे. ऐकू आला नाही तर तुम्ही मोठ्याने गात आहात. दुसऱ्या भागात ज्यांना उंच आवाज ऐकू आले नव्हते, त्या आम्हा बास मंडळींना ही सूचना पाळायला सर्वांत जास्त वेळ लागला. मग सगळे एकाच स्वरावर ‘आमेन’ धरतात आणि त्या स्वरावरून एक दबलेला ट्रंपेट पहिल्या हाकेचे तेच स्वर वाजवतो.